वाटी पुन्हा पुन्हा निसटते तेव्हा

पाय जमिनीत रोवलेला असतो, गुडघा जरासा वाकलेला असतो, आणि चेंडू उलट बाजूला वळवायला खेळाडू कमरेतून झटक्यात फिरतो. कोणी अंगावर आलेलं नसतं, कोणाची लाथ लागलेली नसते. तरी तो खाली कोसळतो आणि ओरडतो, "टोंगळा निघाला!" टोंगळा म्हणजे गुडघा. फुटबॉल हा ज्या गावाचा जीव आहे आणि रब्बानी क्लबाचं नाव जिथे शाळकरी पोरांनाही पाठ आहे, त्या नागपूरजवळच्या कामठीत मैदानावरच्या जुन्या माणसांना हे दृश्य ओळखीचं असतं.

भोवती जमलेल्यांना गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक टणक उंचवटा दिसतो. हाड आत सरकलं, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात घडलेलं असतं ते उलट. गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला गेलेली असते आणि ती हलल्यामुळे उघडं पडलेलं मांडीच्या हाडाचं टोक आत उंच दिसत असतं. ऑपरेशन न झालेल्या गुडघ्यात वाटी जवळजवळ नेहमी बाहेरच निसटते. मांडीचा मोठा स्नायू वरून तिरका येतो, नडगीकडे जाणारा कंडरा खाली त्याच्याशी कोन करतो, आणि या दोन ओढींचा एकत्रित रोख बाहेरच्या बाजूला असतो. पाय रोवून अंग आत फिरवलं की हा कोन वाढतो, आणि नेमक्या त्याच क्षणी स्नायू जोरात आखडतो.

पाय हळूहळू सरळ झाला की पुष्कळदा वाटी आपणहून जागेवर येते. म्हणून तर डॉक्टरकडे पोचेपर्यंत गुडघा दिसायला नीट असतो आणि 'मुरगळला असेल' म्हणून लेप लावून घरी बसवलं जातं. मैदानावर कोणी गुडघा ओढू नये, पिळू नये. बर्फ लावावा, पाय आधार देऊन बांधावा आणि वाटी जागेवर आलेली असली तरी एक्स-रे काढावा. तळपाय गार पडला, बोटं बधिर झाली किंवा गुडघ्याचा आकारच बदलला, तर मामला नुसत्या वाटीचा नाही. अख्खा सांधा निखळलेला असू शकतो, मागची रक्तवाहिनी धोक्यात असते, आणि तिथे एक तासही वाया घालवता येत नाही.

काही तासांत गुडघा फुगतो. आत साचलेलं असतं ते रक्त. सूज फारच ताणली तर डॉक्टर सुई घालून ते काढतात, आणि भांड्यात जमलेल्या रक्ताकडे जरा वेळ बघत राहतात. त्यावर तेलकट थेंब तरंगताना दिसले तर तो मज्जेतला मेद असतो. याचा अर्थ आत कुठेतरी हाड फुटलं आहे. वाटी बाहेर जाताना किंवा परत येताना मांडीच्या हाडाच्या कडेवर आपटते आणि कूर्चेसकट हाडाची कपची उडू शकते. साध्या एक्स-रेत ती कपची अनेकदा दिसत नाही, एमआरआयत दिसते. मोठी कपची मोकळी फिरत असेल तर पहिल्याच वेळी ऑपरेशन लागतं. शक्य असेल तिथे ती पुन्हा जागेवर बसवतात, आणि ते काम लवकर झालेलं बरं.

कपची नसेल तर पहिल्यांदा निसटलेल्या वाटीवर सहसा चाकू चालवत नाहीत. थोडे दिवस पट्टा, मग व्यायाम. हे वाचून आईवडिलांना डॉक्टर टाळाटाळ करत आहेत असं वाटू शकतं. पण यामागे अनुभव आहे. हेलसिंकीच्या डॉक्टरांनी सोळा वर्षांखालच्या मुलांची एक तुलना २००८ साली प्रसिद्ध केली. काहींचा वाटीला आतून धरणारा फाटलेला बंध शिवला, काहींना नुसता पट्टा आणि व्यायाम दिला. पुढच्या वर्षांत दोन्ही गटांत पुन्हा वाटी निसटण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं: शिवलेल्यांत ६७ टक्के, न शिवलेल्यांत ७१. नुसतं शिवून भागत नाही, हे त्यातून कळलं. आणि इतक्या लहान वयात पुन्हा निसटण्याचा धोका किती मोठा, हेही कळलं. सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तर पहिल्या वेळेनंतर साधारण तिघांपैकी एकाची वाटी पुन्हा निसटते. दुसऱ्यांदा निसटली की पुढची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. ऑपरेशनची खरी चर्चा तिथे सुरू होते.

या चर्चेत मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो एकच प्रश्न: हिची किंवा ह्याची वाटी का निसटते? कोणतं ऑपरेशन, किती खर्च, किती टाके, हे सगळं त्यानंतर. हा प्रश्न न विचारता ठरवलेली शस्त्रक्रिया उत्तम हातांनी केली तरी फसते. या विषयाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास अशा फसलेल्या उत्तरांनी भरलेला आहे.

मांडीच्या हाडाच्या टोकाला पुढून एक खोबण असते. गुडघा पूर्ण सरळ असताना वाटी या खोबणीच्या वर, स्नायूंच्या आधारावर असते. गुडघा वीस-तीस अंश वाकला की ती खोबणीत उतरते आणि मग खोबणीच्या भिंती तिला सांभाळतात. धोक्याचा काळ असतो तो या पहिल्या तीस अंशांचा. तेवढ्या टप्प्यात वाटीला आतून धरून ठेवतो एक पातळ बंध, पाच-सहा सेंटिमीटर लांबीचा. डॉक्टर मंडळी त्याला एमपीएफएल म्हणतात. बाहेर जाणाऱ्या वाटीला होणाऱ्या एकूण विरोधापैकी निम्म्याहून थोडा जास्त वाटा या एकट्या बंधाचा असतो. वाटी पहिल्यांदा निसटते तेव्हा तो जवळजवळ नेहमीच फाटतो किंवा ताणून सैल पडतो.

पण बंध फाटणं हा परिणाम झाला. मुळात वाटी निसटायला तयार का होती, याचा शोध फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या आँरी देजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यांनी १९९४ साली मांडलेल्या पाहणीत अशा रुग्णांपैकी ८५ टक्क्यांची खोबणच उथळ किंवा सपाट होती, काहींची तर चक्क फुगीर. ही घडण जन्माची असते, घसरून पडल्याने होत नाही. दुसरं कारण वाटी फार उंचावर बसलेली असणं. अशी वाटी खोबणीत उशिरा उतरते आणि तोवर बिनभिंतीच्या जागेत हिंदकळत राहते. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर दोन अंतरं मोजून त्यांचं प्रमाण काढतात आणि ते १.२ च्या वर गेलं की वाटी उंच समजतात. तिसरं कारण खालच्या कंडऱ्याचा नडगीवरचा उंचवटा बाहेर सरकलेला असणं. खोबणीचा तळ आणि हा उंचवटा यांच्यातलं आडवं अंतर सीटी स्कॅनवर मोजतात, आणि २० मिलिमीटरच्या वरचा आकडा डॉक्टरला थांबून विचार करायला लावतो. एमआरआयवर तेच अंतर थोडं कमी भरतं, म्हणून कोणत्या तपासणीचा आकडा आहे हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. चौथं कारण वाटीचा बाहेरच्या बाजूचा कल.

याशिवाय पायाची एकूण घडण बघावी लागते, आणि ती बघायला यंत्र लागत नाही. कामठी १८२१ पासून छावणीचं गाव. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र इथेच. सैन्यभरतीचं स्वप्न बघणारी पोरं पहाटे धावतात आणि आरशासमोर टाचा जुळवून उभी राहून गुडघे एकमेकांना टेकतात का ते तपासतात, कारण 'नॉक नी' निघाला की वैद्यकीय तपासणीत नापास. भरतीच्या उमेदवाराला जी गोष्ट फक्त नापास होण्याचं कारण वाटते, तीच वाटीच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. गुडघे आत झुकलेले असले की वाटीवरची बाहेरची ओढ वाढते. मांडीचं हाड आतल्या बाजूला पिळलेलं असेल, चालताना दोन्ही वाट्या एकमेकींकडे बघत असतील, तरीही तेच. सांधेच मुळात सैल असलेल्या मुलींना, ज्यांचा अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूने सहज वाकून हाताला टेकतो, त्यांना आणखी जपावं लागतं. चांगला डॉक्टर आधी रुग्णाला उभं करतो, चालवतो, उकिडवं बसवतो, मग स्कॅनची फिल्म हातात घेतो.

आता ऑपरेशनांकडे येऊ.

सेझार रू या स्विस शल्यचिकित्सकाने १८८८ साली नडगीवरचा कंडऱ्याचा जोड सोडवून आतल्या बाजूला बसवण्याची शस्त्रक्रिया लिहून ठेवली. आतड्यांच्या जोडणीच्या एका प्रसिद्ध पद्धतीला ज्याचं नाव आहे तोच हा रू. बॉस्टनच्या जोएल गोल्डथ्वेटने त्याच काळात कंडरा उभा चिरून त्याचा अर्धा भाग आत वळवला. विचार सरळ होता: वाटी बाहेर ओढली जाते ना, मग ओढच आत फिरवा. १९३८ साली हाउझर यांनी याचंच जोरकस रूप आणलं. उंचवट्याचा हाडासकट तुकडा काढून आत आणि खाली नेऊन बसवायचा. वाट्या निसटायच्या थांबल्या. काही वर्षांनी त्याच रुग्णांचे गुडघे झिजू लागले.

यामागचं कारण नडगीच्या आकारात आहे. नडगीचं हाड वरच्या भागात आडवं कापून पाहिलं तर त्रिकोणी दिसतं, पुढे टोक आणि दोन्ही बाजूंना मागे उतरत्या कडा. पुढच्या टोकावरचा तुकडा आत आणि खाली सरकवला की तो आपोआप मागेही जातो. कंडरा मागे गेला की वाटी मांडीच्या हाडावर जास्त जोराने दाबली जाते, प्रत्येक पायरीला, प्रत्येक उठण्याबसण्याला. वाटी सुटू नये म्हणून केलेल्या उपायाने सांधा भरडला गेला. हाउझरची पद्धत मागे पडली ती यामुळे. अमेरिकेतल्या जॉन फुलकर्सन यांनी १९८३ साली हाड तिरकं कापण्याची पद्धत सुचवली. त्यात तुकडा आत सरकतो आणि सरकताना पुढे उचलला जातो, म्हणजे दिशा सुधारते आणि दाबही कमी होतो. उंचवटा २० मिलिमीटरच्या वर बाहेर असेल, वाटीच्या खालच्या किंवा बाहेरच्या भागातली कूर्चा झिजली असेल, तर ही शस्त्रक्रिया आजही योग्य आहे. वाटी उंच असेल तर तोच तुकडा मोजून खाली आणतात. दोन-तीन स्क्रूंनी तो बसवतात आणि हाड जुळेपर्यंत सहा-एक आठवडे कुबड्या लागतात. एक बारीकशी गोष्ट डॉक्टर घाईत सांगायला विसरतात: स्क्रूंची डोकी कातडीखालीच असतात. नमाजात किंवा वंदनेला गुडघे टेकणाऱ्या माणसाला ती बोचतात. हाड जुळल्यावर स्क्रू काढता येतात, पण ते छोटं दुसरं ऑपरेशन असतं. पहिल्या ऑपरेशनच्या वेळीच हे कळलेलं असावं.

दुर्बिणीने गुडघा आतून बघणं सोपं झालं तशी १९७०च्या दशकापासून एक सोपी शस्त्रक्रिया फार बोकाळली. वाटीच्या बाहेरच्या बाजूचे घट्ट पडदे आतून कापायचे, बस्स. छोटी भोकं, त्याच दिवशी घरी. निसटणाऱ्या वाटीला हा उपाय एकटा पुरत नाही, हे आता पक्कं ठाऊक आहे. बाहेरचा पडदाही वाटीला थोडा आधार देतच असतो. तो उगाच कापला की वाटी आणखी मोकळी होते आणि काहींची तर आतल्या बाजूला निसटू लागते, जे निसर्गात जवळजवळ होतच नाही. बाहेरचा पडदा खरोखर आखडलेला असेल तर तो सैल करणं किंवा लांबवणं दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या जोडीला योग्य ठरतं. पण 'दुर्बिणीने छोटं काम करून टाकू' एवढंच कोणी म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं, असं मी आवर्जून सांगेन.

आज सगळ्यांत जास्त होणारी शस्त्रक्रिया म्हणजे एमपीएफएल नव्याने बांधणं. ब्राझीलच्या एलेरा गोमेस यांनी १९९२ साली कृत्रिम बंध वापरून ती केल्याचं प्रसिद्ध झालं. आता बहुधा रुग्णाच्याच मांडीमागचा एक बारीक कंडरा काढून वापरतात. त्याच्यावाचून पायाचं फारसं अडत नाही. ऑपरेशन कमरेतून भूल देऊन होतं. आधी दुर्बीण घालून कूर्चा तपासतात, मोकळी कपची असेल तर काढतात. मग नडगीच्या वरच्या आतल्या बाजूला छोटा छेद घेऊन कंडरा काढतात, टेबलावर साफ करून त्याच्या टोकांना दोरे ओवतात. वाटीच्या आतल्या कडेच्या वरच्या अर्ध्या भागात तो बसवतात. इथे जाड भोकं पाडली तर वाटी पुढे तडकू शकते, म्हणून बारीक भोकं किंवा छोटे अँकर वापरतात. दुसरं टोक स्नायूंच्या थराखालून मांडीच्या हाडाकडे नेतात.

आणि इथे सगळ्यांत अवघड क्षण येतो. मांडीच्या हाडावर भोक नेमकं कुठे पाडायचं? ही जागा डोळ्यांनी ठरवण्यात धोका आहे, कारण मांसाखाली सगळंच सारखं वाटतं. २००७ साली शॉटले आणि सहकाऱ्यांनी एक्स-रेवरून ती शोधायची रीत दाखवली. ऑपरेशन चालू असताना गुडघ्याचा अगदी बरोबर बाजूने एक्स-रे घेतात. मांडीच्या हाडाच्या दोन्ही गाठी एकमेकींवर तंतोतंत दिसेपर्यंत पाय किंचित फिरवत राहतात, आणि मागच्या कडेची रेषा धरून तार टोचतात. जागा पाच मिलिमीटरने वर गेली तरी गुडघा वाकवताना बंध ताणला जातो आणि वाटी आत दाबली जाते. नवा कंडरा मूळ बंधापेक्षा मजबूत असतो. म्हणून चूक झाली तर तो सैल पडत नाही, कूर्चाच सोसते. तार टोचल्यावर डॉक्टर दोरा ताणून धरतात, गुडघा वाकवून आणि सरळ करून पाहतात, आणि दोऱ्याची लांबी बदलते का याकडे लक्ष ठेवतात. मग बांधतानाही घट्ट ओढायचं नाही. बैल सरळ चालत असतो तेव्हा कासरा हातात सैलच असतो, तो वाट सोडू लागला तरच ताण बसतो. या बंधाचंही काम तेवढंच.

चांगल्या हातात ही शस्त्रक्रिया झाली तर वाटी पुन्हा निसटणारे फार थोडे. पण तिला किरकोळ समजू नये. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित पाहणीत ६२९ गुडघ्यांमागे १६४ लहानमोठ्या गुंतागुंती नोंदल्या होत्या. त्यांत गुडघा पूर्ण न वाकणं, वाटी तडकणं, भीती न जाणं असं सगळं होतं. उथळ खोबण, उंच वाटी आणि बाहेर गेलेला उंचवटा तसेच सोडून नुसता बंध बांधला तर सगळा भार त्या एका कंडऱ्यावर येतो.

खोबणच फुगीर असेल तेव्हा ती कोरून खोल करण्याचं ऑपरेशन आहे. कूर्चेचा पापुद्रा अलगद उचलायचा, खालचं हाड कोरायचं आणि पापुद्रा पुन्हा खोबणीत बसवायचा. देजूर यांची पद्धत आणि पुढे १९९४ साली बेराइटर व गोत्ये यांनी मांडलेली पातळ पापुद्र्याची पद्धत, या दोन्ही चालतात. काम नाजूक आहे, कूर्चेला कायमची इजा होऊ शकते, आणि ज्यांनी हे वारंवार केलं आहे अशांच्याच हातात ते शोभतं. झिजलेल्या सांध्यात ते करत नाहीत.

वाढत्या वयातल्या मुलांचा हिशेब वेगळा. नडगीच्या उंचवट्याखाली आणि मांडीच्या टोकाजवळ वाढीच्या पट्ट्या उघड्या असतात. तिथे हाड कापलं किंवा चुकीच्या जागी भोक पाडलं तर पाय वाकडा वाढू शकतो. म्हणून उंचवटा सरकवायला वाढ पूर्ण व्हायची वाट बघतात, आणि बंध बांधायचा झाला तर मांडीवरचं भोक वाढीच्या पट्टीच्या खाली ठेवतात. उलट, या उघड्या पट्ट्यांचा फायदाही होतो. गुडघे आत झुकलेले असतील तर आतल्या बाजूला दोन स्क्रूंची एक छोटी पट्टी बसवून तिकडची वाढ तात्पुरती रोखतात, बाहेरची चालू राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. वाढ संपल्यावर हा दरवाजा बंद होतो आणि मग हाड कापण्यावाचून मार्ग राहत नाही. मुलाचे गुडघे फार टेकतात असं वाटत असेल तर दहा-अकराव्या वर्षीच दाखवावं ते यासाठी.

आपल्या देशात आणखी एक प्रकार दिसतो, तो जरा निराळा आहे. मूल उकिडवं बसलं की दर वेळी वाटी बाजूला जाते, उठलं की परत येते, आणि फारसं दुखतही नाही. आई सांगते, "बसताना वाटी पळते." यातल्या काही मुलांना तान्हेपणी आजारात मांडीत औषधांची मोठी इंजेक्शनं वारंवार दिलेली असतात आणि तिथला स्नायू आखडून दोरीसारखा झालेला असतो. जपानमध्ये १९७३ च्या सुमारास यामानाशी भागात अशी कितीतरी मुलं एकदम उजेडात आली आणि देशभर खळबळ उडाली. बाळाला मांडीत देतात त्या लसींशी याचा संबंध जोडू नये. ती मात्रा अगदी थोडी असते, मोजक्या वेळा देतात आणि ती घेतलीच पाहिजे. आखडलेल्या स्नायूच्या मुलाला नुसता नवा बंध बांधला तर गुडघा वाकेनासा होईल किंवा बंध तुटेल. इथे आधी बाहेरचा आखडलेला भाग सोडवावा लागतो आणि मांडीचा स्नायू लांबवावा लागतो. मग वाटी जागेवर राहते का ते तिथेच गुडघा वाकवून पाहतात.

कामठीच्या माणसाची वाट बहुधा उपजिल्हा रुग्णालयातून नागपूरच्या मेयो रुग्णालयाकडे जाते, नाहीतर मेडिकल कॉलेजकडे किंवा मिहानच्या एम्सकडे. जाताना पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे सोबत न्यावेत, आणि मोबाइलवर वाटी निसटतानाचं चित्रण असेल तर तेही. त्याने अर्धं निदान होतं. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं आणि अँकर-स्क्रूंचा खर्च कोणाकडे, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं. आणि डॉक्टरांना थेट विचारावं की माझी खोबण कशी आहे, वाटी किती उंच आहे, ते आडवं अंतर किती मिलिमीटर आहे. या तीन उत्तरांचे आकडे फाइलवर लिहिलेले नसतील तर ऑपरेशनची तारीख घ्यायची घाई करू नये.

ऑपरेशननंतरचा काळ मात्र बराचसा रुग्णाच्या हातात असतो. नुसता बंध बांधला असेल तर पाय लवकर टेकू देतात, आणि गुडघा वाकवायला पहिल्या आठवड्यांतच सुरुवात होते. मांडीचा स्नायू या काळात भराभर सुकतो. टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर वाटीच्या वर ठरावीक अंतरावर मोजला तर फरक घरीच कळतो. मैदानावर परतायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, आणि तो निर्णय कॅलेंडरवर सोडायचा नसतो. एका पायावर उडी मारून दुसऱ्या पायाच्या जवळपास तेवढंच अंतर गाठता यावं, उतरताना गुडघा आत कोसळू नये, आणि कोणी वाटी बाहेर ढकलली तर खेळाडूने दचकून पाय ओढून घेऊ नये. उथळ खोबण किंवा उंच वाटी ही घडण बहुधा दोन्ही पायांत असते. म्हणून तपासणीच्या टेबलावर दुसराही गुडघा उघडा करून त्याची तीच मोजमापं घ्यायला सांगावं, तो आजवर एकदाही निसटलेला नसला तरी.